डोंगरी सायकलीस विजेची जोड

सायकल हें मूळचें सपाट रस्त्याचें वाहन. सखल मुलखांत मैलच्या मैल सहज तोडणारा स्वार घाटाच्या पायथ्याशीं आला म्हणजे खालीं उतरतो, आणि ज्या वाहनानें आपणांस वाहून न्यावयाचें त्यालाच हातानें ढकलीत वर नेतो. हें दृश्य खंडाळ्याच्या घाटांत दिसतें तसेंच आल्प्सच्या खिंडींतहि दिसतें. तेव्हां पुढें जी सायकल मुद्दाम डोंगराकरितां म्हणून घडविली गेली, तिनें हा चढणीचा प्रश्न तरी आधीं सोडविला असेल, अशी कोणाचीहि समजूत होईल. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. डोंगरी सायकल जन्मास आली ती डोंगर चढण्याकरितां नव्हे, उतरण्याकरितां. आणि चढणीवर तिला खरा साथी मिळाला तो तिच्या जन्मानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं. हा साथी म्हणजे विजेची मोटर. तो आला तेव्हां मात्र त्याचें स्वागत करावें कीं त्यास वाटेवरच अडवावें, यावरून डोंगरांत जाणाऱ्या लोकांत जो तंटा लागला तो अद्याप मिटलेला नाहीं.

या कथेचा आरंभ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होतो. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतून गोल्डन गेटचा प्रचंड झुलता पूल ओलांडून उत्तरेस गेलें कीं मॅरिन नांवाचा जिल्हा लागतो. समुद्राला लागूनच तेथें टॅमलपायस नांवाचा डोंगर उभा आहे. उंची म्हणावी तर फार नाहीं, सुमारें ७८४ मीटर, म्हणजे आपल्या माथेरानाच्या जवळपास. पण त्याच्या अंगावर वणवे विझविणाऱ्या बंबांकरितां काढलेले कच्चे रस्ते आणि पाऊलवाटा यांचें जाळें पसरलेलें आहे. १९७० नंतरच्या दशकांत या भागांतील कांहीं तरुणांनीं जुन्या बाजारांतून व भंगारांतून १९३०-४० च्या काळांतील जाड टायरांच्या सायकली शोधून काढल्या. त्यांतले कित्येकजण रस्त्यावरील शर्यतींत मुरलेले स्वार होते. श्विन कंपनीनें पूर्वीं पोरासोरांसाठीं बनविलेल्या त्या गाड्या वजनानें बोजड, पण हाडानें मजबूत. शर्यतीची नाजूक सायकल ज्या दगडधोंड्यांवर क्षणांत मोडेल, त्यांवरून त्या खुशाल धडधडत जात.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर या मंडळींनीं पहिली घड्याळी शर्यत लावली. जेमतेम २ मैलांत १३०० फूट खालीं जाणारा तो रस्ता. त्या जुन्या सायकलींना पेडल उलटें दाबून लावावयाचा ब्रेक मागल्या चाकाच्या हबमध्यें असे. उतरतांना तो इतका तापे कीं आंतील ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि खालीं पोंचल्यावर हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हां भरण्याच्या क्रियेवरून त्या उतारालाच ‘रीपॅक’ हें नांव पडलें. शर्यती भरविणारा चार्ली केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत गॅरी फिशर या स्वारानें तो उतार ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून जो उच्चांक केला तो पुढें कोणास मोडतां आला नाहीं.

या उतरण्याचें वर्णन लिहिणारे मोठ्या आवडीनें करतात. पण हीं माणसें वर कशीं जात, हें सांगण्याची वेळ आली कीं एकदोन वाक्यांत आटपतात. खरी मौज तेथेंच आहे. पुष्कळदां सायकली ट्रकांत घालून डोंगरमाथ्यावर नेत. ट्रक नसला तर ढकलीत नेत. म्हणजे एंजिनानें डोंगर चढावयाचा आणि सायकलीनें उतरावयाचा, ही विभागणी जवळजवळ पहिल्या दिवसापासूनची. फरक इतकाच कीं एंजिन तेव्हां सायकलीच्या बाहेर होतें. पुढें मोटर सायकलीच्या पोटांत शिरल्यावर, डोंगर स्वतःच्या पायांनीं चढणें हाच या खेळाचा आत्मा होय असा घोष ज्यांनीं केला, त्यांना इतिहासाचा हा भाग सोयीस्करपणें विसरावा लागला.

अर्थात् ट्रकाची वाट पाहत बसणें सर्वांनाच मानवणारें नव्हतें. १ डिसेंबर १९७४ रोजीं मिल व्हॅली येथें झालेल्या एका रानशर्यतीस दक्षिणेकडील क्युपर्टिनो गांवचे कांहीं तरुण आले होते. त्यांनीं आपल्या जाड टायरांच्या जुन्या सायकलींना बदलते गिअर बसविलेले होते. मॅरिनच्या मंडळींनीं तें पाहिलें. त्याच सुमारास फिशरनेंहि आपल्या गाडीस गिअर जोडले. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं केवळ डोंगराकरितां म्हणून नवीच सायकल घडविली, १९७९ सालीं टॉम रिची यानें बनविलेल्या फ्रेम घेऊन फिशर व केली यांनीं धंदा थाटला, आणि १९८१ च्या सुमारास स्पेशलाइज्ड कंपनीनें जपानांत तयार करविलेली ‘स्टम्पजंपर’ ही सायकल दुकानांतून मिळूं लागली. मूठभर लोकांचा छंद पाहतां पाहतां जगाचा झाला. हा भाग इतका परिचित आहे कीं त्यावर अधिक रेंगाळण्याचें कारण नाहीं.

गिअरांनीं चढण शक्य झाली, पण सोपी झाली नाहीं. गिअर शक्ति देत नाहीं; तो फक्त देणें हप्त्यांनीं फेडून घेतो. साधा हिशेब पाहावा. ७५ किलोचा स्वार आणि २५ किलोची गाडी मिळून १०० किलो वजन झालें. दर १० मीटरांस १ मीटर चढणाऱ्या वाटेवरून तें ताशीं १० किलोमीटर वेगानें न्यावयाचें तर केवळ उंची कमावण्यासाठीं सुमारें २७० वॉट शक्ति लागते; मऊ मातीचा व खडीचा अडथळा धरला तर आंकडा ३०० च्या वर जातो. आतां धडधाकट, पण खेळाडू नव्हे, अशा मनुष्याच्या पायांतून तासभर सतत निघणारी शक्ति १०० ते १५० वॉट. उरलेलें देणें कोठून आणावयाचें? एक तर वेग निम्म्यावर आणावा, आणि इतक्या हळू चालणारी दुचाकी दगडांतून तोल सांवरीत नेणें ही स्वतंत्र कसरत आहे. नाहीं तर खालीं उतरावें. गुडघे झिजलेला, साठी उलटलेला किंवा हृदयविकारांतून उठलेला मनुष्य या हिशेबांत बसतच नाहीं. ज्या तरुणांनीं १९७६ सालीं तो खेळ सुरू केला तेहि कांहीं तरुण राहणार नव्हते.

मोटरीची कल्पना मात्र डोंगरी सायकलीहून फार जुनी आहे. ओहायो संस्थानांतील ऑग्डेन बोल्टन या गृहस्थास ३१ डिसेंबर १८९५ रोजीं अमेरिकेचें जें पेटंट मिळालें, त्यांत मागील चाकाच्या हबमध्येंच विजेची मोटर बसविलेली आहे आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणांत टांगलेली आहे. तें चित्र आजच्या एखाद्या मेकॅनिकास दाखविलें तर तें शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचें आहे यावर त्याचा विश्वास बसणार नाहीं. दोन वर्षांनीं, १८९७ सालीं, बोस्टन येथील होझिया लिबी यानें मोटर पेडलाच्या आसापाशीं आणली. आणि १८९९ सालीं जॉन श्नेप्फ यानें टायरावर घासून चाक फिरविणाऱ्या रुळाची युक्ति नोंदविली. हबांत, पेडलापाशीं, कीं टायरावर, या तीन जागांपलीकडे चौथी म्हणण्यासारखी जागा पुढच्या शतकांतहि कोणाला फारशी सांपडली नाहीं. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच प्रश्नाचीं सर्व उत्तरें कागदावर आलेलीं होतीं.

तरीहि तीं कागदावरच राहिलीं. दोष मोटरीचा नव्हता, वीज सांठविण्याच्या भांड्याचा होता. शिसें आणि आम्ल यांच्या बॅटरीचें एक किलो वजन सुमारें ३० वॉट-तास वीज धरतें, आणि तीहि पुरती काढून घेतली तर बॅटरीचें आयुष्य खुंटतें. म्हणजे डोंगर चढण्यासाठीं बॅटरी घ्यावयाची, आणि चढवावयाच्या वजनांत पहिली भर तिचीच! १९३० नंतर नेदरलँड्ससारख्या सपाट देशांत विजेच्या सायकली थोड्याबहुत विकल्या गेल्या. पण डोंगरांत त्यांचें नांव कोणी काढलें नाहीं. ज्याला मोटर हवी त्यानें पेट्रोलची फटफटी घ्यावी, ज्याला व्यायाम हवा त्यानें सायकल घ्यावी, अशी जगाची वांटणी होऊन बसली.

ही वांटणी मोडली ती जपानांत. १९९३ सालीं यामाहा कंपनीनें ‘पॅस’ या नांवाची सायकल विक्रीस काढली. तिची बॅटरी अद्याप शिशाचीच होती; परंतु तिच्यामागचा विचार नवा होता. मुठींत पिळावयाचा ॲक्सिलरेटर तिला नव्हता. स्वार पेडलावर किती जोर देतो हें एक मापक सारखें मोजत राही, आणि त्या प्रमाणांत मोटर आपला जोर मिळवी. पाय थांबले कीं मोटरहि थांबे. वेग एका मर्यादेपलीकडे गेला कीं मोटर आपोआप माघार घेई. मनुष्यानें आरंभ करावा आणि यंत्रानें मागून रेटा द्यावा, असा हा करार होता, आणि त्यामुळेंच कायद्याच्या दृष्टीनेंहि ती फटफटी न ठरतां सायकल ठरली. पुढें बहुतेक देशांनीं हीच वाट धरली. युरोपांत २००२ च्या नियमानें २५० वॉट शक्ति आणि ताशीं २५ किलोमीटर वेगापर्यंतच साह्य, ही मर्यादा ठरली. अमेरिकेंत त्याच वर्षीं ७५० वॉट आणि ताशीं २० मैल. भारतांतील मोटार-वाहनांच्या नियमांतहि २५० वॉटांहून कमी शक्तीच्या आणि ताशीं २५ किलोमीटरांहून कमी वेगाच्या विजेच्या दुचाकीस मोटार-वाहनांत गणलेलें नाहीं. या आंकड्यांना वरवर पाहतां कांहींच रंग नाहीं. पण डोंगरांतला पुढचा सारा झगडा या आंकड्यांच्या भोंवतींच फिरतो.

बाकीचें काम रसायनशास्त्रानें आणि चुंबकांनीं केलें. १९९१ सालीं लिथियम-आयनची बॅटरी बाजारांत आली आणि पुढील वीस वर्षांत ती स्वस्त होत गेली. एका किलोंत शिशाच्या पांच-सहापट वीज मावूं लागली. १९८० नंतर शोधल्या गेलेल्या निओडिमियमच्या बलवान चुंबकांनीं मोटर मुठीएवढी लहान केली. आतां टॅमलपायसचाच हिशेब पुन्हां करावा. १०० किलो वजन समुद्रसपाटीपासून त्याच्या माथ्यापर्यंत उचलावयास सुमारें २१५ वॉट-तास पुरतात. निम्मा भार स्वारानें उचलला आणि मोटरीच्या कामांत चौथाई वीज वायां गेली असें धरलें, तरी बॅटरींतून दीडशेंच्या आंतच वीज खर्ची पडते. वाटेचा खडबडीतपणा धरून दोनशें म्हणावें. ५०० वॉट-तासांची बॅटरी तीन किलोंच्या आसपास भरते. म्हणजे ज्या डोंगरावर सायकली नेण्यास पूर्वीं ट्रक लागे, त्यावर एका भरण्यांत दोनदां जाऊन येण्याइतकी शक्ति पाण्याच्या दोन-तीन बाटल्यांच्या वजनांत आली.

कारखान्यांनीं तयार माल बाजारांत मांडण्यापूर्वींच घरोघरच्या हौशी कारागिरांनीं हा प्रयोग सुरू केला होता, आणि या इतिहासाचें खरें शहाणपण त्यांच्याच फसलेल्या प्रयोगांत आहे. प्रथम त्यांनीं धरली ती बोल्टनची वाट, म्हणजे हबची मोटर. जुनें चाक काढावें, मोटरीचें चाक घालावें, हँडलवर एक खटका बसवावा, कीं काम झालें. शहरांतील रस्त्यावर हें उत्तम चाले. डोंगरांत गेल्यावर एकेक दोष बाहेर पडूं लागला. मोटर चाकास पुढें फिरवितांना स्वतःच्या आसास तितक्याच जोरानें उलट फिरवूं पाहते. पोलादी फोर्कांत तो आस घट्ट बसे. पण डोंगरी सायकलीचा धक्के गिळणारा पुढील फोर्क हलक्या धातूचा असतो, आणि त्याचीं टोकें या पिळानें फुटूं शकतात. चालत्या उतारावर पुढलें चाक निसटणें म्हणजे काय, हें विस्तारानें सांगावयास नको. म्हणून आसास आणि फ्रेमला जखडून ठेवणारा एक लोखंडी हात त्यांनीं बसविला, आणि पुष्कळांनीं मोटर मागल्या चाकांत नेली. तेथें दुसरी अडचण उभी राहिली. मोटरीचें वजन चाकांतच असल्यामुळें मागील स्प्रिंगचें कांहीं चालेना. प्रत्येक दगडावर तें जड चाक आपटूं लागलें.

तिसरा दोष सर्वांत मोठा. हबच्या मोटरीस गिअर बदलतां येत नाहींत. ती ज्या वेगासाठीं गुंडाळलेली असेल त्या वेगाजवळ ती काटकसरीनें चालते. उभ्या चढणीवर चाक मंदावलें कीं तिच्यांतून प्रवाह बेसुमार वाहूं लागतो, आणि विजेची गति होण्याऐवजीं उष्णता होते. नेमकें जेथें साह्य हवें तेथेंच मोटर तापून थांबावयाची, कांहीं वेळां आंतील तारांचें आवरण जळून कायमची निकामी व्हावयाची. रीपॅकच्या उतारावर हबांतून निघणारा धूर आतां चढणीवर निघूं लागला, असें विनोदानें म्हणतां येईल.

उपाय लिबीच्या जुन्या पेटंटांतच होता. मोटर पेडलाच्या आसापाशीं नेली म्हणजे तिचा जोर साखळीवाटे मागील गिअरांतून जातो. स्वार आपल्यासाठीं जसा हलका गिअर निवडतो तसाच तो मोटरीसहि मिळतो, आणि चाक कितीहि हळू फिरलें तरी मोटर आपल्या सुखाच्या वेगानें फिरत राहते. २०१० नंतरच्या वर्षांत चीनमधील बाफांग कंपनीनें कोणत्याहि सामान्य सायकलीस लावतां येईल असा या जातीचा संच विकावयास आरंभ केला, आणि घरगुती कारागिरांची चंगळ झाली. पेडलांचे दांडे आणि त्यांचा मूळ आस काढून टाकावयाचा, फ्रेमच्या त्याच नळींतून मोटरीचा आस पलीकडे सारावयाचा, मोठी चकती-नट आवळावयाची, पुन्हां दांडे चढवावयाचे, बॅटरीचा डबा फ्रेमवर बसवावयाचा, आणि तारा सुबक बांधून घ्यावयाच्या. एका रविवारचें हें काम. हत्यारें मोजकींच लागतात. मात्र मूळ आस काढावयाचें हत्यार ज्याच्यापाशीं नाहीं, त्याचा रविवार तेथेंच संपतो.

या व्यवस्थेंतहि दोष होतेच. माणसाच्या दीडशें वॉटांसाठीं बनविलेल्या साखळीवर आतां त्याच्या तिप्पट-चौपट भार येऊं लागला. जोर चालू असतांना गिअर बदलला तर दांते झिजत, साखळी तुटे. म्हणून गिअरची तार हलतांच क्षणभर मोटर बंद करणारा मापक आला, आणि ब्रेकच्या मुठींतहि मोटर तोडणारा खटका आला. हा खटका न लावणारे कांहीं धीट लोक होते. मोटर पुढें ओढीत असतां ब्रेक लावण्याचा प्रसंग एकदां आला म्हणजे दुसऱ्या दिवशीं ते तो लावीत. फ्रेमखालीं लोंबणारी मोटर मोठ्या दगडांना थटे. दोन्हीं चाकांना स्प्रिंग असलेल्या सायकलीच्या त्रिकोणांत बॅटरीस जागाच सांपडत नसे, मग ती पाठीवरील पिशवींत ठेवून जाड तार खालीं सोडावी लागे. पडल्यावर तीन किलोंचा तो ठोकळा कण्यावर आदळण्याची भीति निराळीच. आणि सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट ही कीं चढतांना जिच्या वजनाची पर्वा मोटर करते, ती गाडी उतरतांना मात्र ब्रेकांनाच सांवरावी लागते. जुन्या सायकलीस मोटर लावून जुनेच ब्रेक ठेवणारा मनुष्य १९७६ च्या स्वाराहून फारसा सुरक्षित नव्हता.

कारखाने या धड्यांवरून शिकले. जर्मनींतील बॉश कंपनी २०१० च्या सुमारास पेडलाजवळची मोटर घेऊन पुढें आली, आणि त्याच देशांतील हायबाइकनें ती धरून सबंध डोंगरी सायकल मांडली. २०१५ सालीं स्पेशलाइज्डनें, ज्या कंपनीनें पहिली डोंगरी सायकल दुकानांत आणली तिनेंच, ‘टर्बो लेव्हो’ ही विजेची सायकल काढली. आतां फ्रेमच मोटरीभोंवतीं घडविली जाऊं लागली. बॅटरी नळीच्या पोटांत गेली. युरोपांत या गाड्यांचा झपाट्यानें प्रसार झाला, कारण आल्प्सच्या पायथ्याचीं गांवें पर्यटकांवर जगतात, आणि उन्हाळ्यांत डोंगर चढणारा प्रौढ पाहुणा त्यांना हवाच होता.

अमेरिकेंत गोष्ट इतकी सरळ नव्हती. टॅमलपायसच्या वाटांवर सायकलस्वारांचें पूर्वीं काय झालें होतें, तें येथें सांगितलें पाहिजे. १९८० नंतर सायकली वाढल्या तसे पायीं फिरणारे आणि घोडेस्वार संतापले. वळणावर अचानक अंगावर येणाऱ्या सायकलींनीं घोडे बुजत, म्हातारीं माणसें दचकत. परिणाम असा झाला कीं त्या डोंगरावरील बहुतेक अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर ताशीं १५ मैलांची मर्यादा आली, आणि ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास रक्षक रडारचें पिस्तूल घेऊन उभे राहूं लागले. ज्या डोंगरानें या सायकलीस जन्म दिला त्यानेंच तिला दार लावलें. देशांतील संरक्षित निबिड अरण्यांत तर १९६४ च्या कायद्यानें यांत्रिक वाहतुकीस सरसकट मनाई होती, आणि जंगलखात्यानें १९८४ सालीं सायकलहि त्यांत येते असें स्पष्ट केलें. १९८८ सालीं स्थापन झालेल्या डोंगरी-सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघानें मग वर्षानुवर्षें खपून, स्वतः कुदळ-फावडीं घेऊन वाटा दुरुस्त करून, जागोजाग प्रवेश मिळविला. त्यांचा मुख्य युक्तिवाद एकच होता: आमच्या गाडीस मोटर नाहीं.

आणि आतां मोटर आली. विजेच्या सायकलीचा सर्वांत कडवा विरोध पायीं चालणाऱ्यांनीं केला नाहीं. तो कित्येक ठिकाणीं सायकलस्वारांनींच केला. यांत केवळ सोवळें नव्हतें. तीस वर्षांच्या खटपटीनें मिळालेली वाट एका नव्या यंत्रापायीं हातची जाईल, ही त्यांची भीति खरी होती. संघानेंहि प्रथम या गाड्यांना मोटारींतच गणलें, आणि २०१७ सालीं आपली भूमिका सैल करून, स्थानिक व्यवस्थापन योग्य असेल तेथें सौम्य जातीच्या गाड्यांस हरकत नाहीं, असें म्हटलें. ही ‘सौम्य जात’ कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यांतून आली. त्या कायद्यानें तीन वर्ग पाडले: पेडल मारतांनाच साह्य करणारी आणि २० मैलांवर थांबणारी पहिली, पेडल न मारतांहि तितक्याच वेगापर्यंत चालणारी दुसरी, आणि पेडलावर २८ मैलांपर्यंत साह्य करणारी तिसरी.

वाटेची झीज हा पहिला आक्षेप. २०१५ सालीं ओरेगॉनच्या अरण्यांत या संघानें एक प्रयोग करविला. साध्या सायकली, पहिल्या वर्गाच्या विजेच्या सायकली आणि पेट्रोलच्या मोटारसायकली एकाच जातीच्या वाटेवर पुनःपुन्हां फिरवून माती किती हलते हें मोजलें. पहिल्या दोहोंत मोठा फरक आढळला नाहीं. मोटारसायकलीनें मात्र कितीतरी अधिक माती उखडली. प्रयोग लहान होता, आणि तो हितसंबंध असलेल्यांनीं केला होता, हें विसरतां येत नाहीं; तरी टायर, वजन आणि जोर यांचा विचार करतां त्याचा निष्कर्ष अविश्वसनीय वाटत नाहीं. खरा आक्षेप मातीचा नव्हेच, माणसांचा आहे. पूर्वीं चढणारा सायकलस्वार पायीं चालणाऱ्याच्याच वेगानें, धापा टाकीत येई. भीति फक्त उतरणाऱ्याची असे. आतां दोन्ही बाजूंनीं वेग येतो. शिवाय जी दूरची दरी पूर्वीं दमछाक सोसणाऱ्यांनाच दिसे ती आतां पुष्कळांना दिसते. ज्याला ती दिसूं लागली त्याच्या दृष्टीनें हें वरदान आहे. ज्याला तेथें एकांत मिळत होता त्याच्या दृष्टीनें तें अतिक्रमण आहे. दोघेहि खोटें बोलत नाहींत.

सरकारी खात्यांनीं या पेंचांत एकमेकांच्या उलट पावलें टाकलीं. टाहो येथील राष्ट्रीय अरण्याच्या अधिकाऱ्यांनीं २०१९ सालीं मोटारींना बंद असलेल्या सुमारें १३० मैल वाटा पहिल्या वर्गाच्या सायकलींना मोकळ्या केल्या. घोडेस्वार व इतर संस्था, लोकांस विचारल्यावांचून हें केलें म्हणून, न्यायालयांत गेल्या आणि परवानगी मागें घ्यावी लागली. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेच्या अंतर्गत खात्यानें आपल्या ताब्यांतील भूमीवर मात्र या गाड्यांस साध्या सायकलीप्रमाणें वागवावें असा हुकूम काढला. म्हणजे एकाच देशांत, एका खात्याच्या हद्दींत जी मोटार ती दुसऱ्याच्या हद्दींत सायकल.

खेळाच्या मैदानांत हा घोळ लवकर सुटला. २०१६ सालीं बेल्जियमांत झोल्डर येथील जागतिक रानशर्यतींत एका सायकलीच्या नळींत लपविलेली मोटर सांपडली, आणि स्वारास सहा वर्षें बंदी झाली. तीन वर्षांनीं कॅनडांत मों-सेंत-ॲन येथें आंतरराष्ट्रीय सायकल संघानें विजेच्या डोंगरी सायकलींचीच जागतिक शर्यत लावली. पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदर्ली व स्त्रियांत स्वित्झर्लंडची नाताली श्नायटर विजयी झाली. जी मोटर लपविणें गुन्हा होतें ती उघड लावणें खेळ ठरला.

डोंगरावरील रक्षकास असा स्वतंत्र डाव मांडतां येत नाहीं. त्याच्यापुढें दोन सायकली येतात आणि नव्या हलक्या मोटरी फ्रेमच्या नळींत अशा दडलेल्या असतात कीं दुरून भेद कळत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें म्हणून प्रत्येक विजेच्या सायकलीवर एक चिठ्ठी चिकटविण्याचें बंधन घातलें: वर्ग कोणता, वेग किती, वॉट किती. रक्षकानें खालीं वांकावें, चिखल पुसावा आणि ती वाचावी. ज्यानें एका रविवारीं आपल्याच पडवींत जुन्या सायकलीस मोटर बसविली, त्याच्या गाडीवर कारखान्याची चिठ्ठी नसते. त्याची मोटर ७५० वॉटांची आहे कीं १०००, खटका पेडलाशीं बांधलेला आहे कीं अंगठ्याखालीं मोकळा आहे, हें त्याच्याच तोंडून ऐकावें लागतें. आणि तो सांगेल त्यावर वाट मोकळी करावयाची कीं त्यास गाडी ढकलीत खालीं पाठवावयाचें, हें रक्षक तेथल्या तेथें ठरवितो.